सोळा अंश

बाहेर सावदा सत्तेचाळीसवर.
रात्रीसुद्धा भिंतीला पाठ लावता येत नाही.
आत, चेंबर नंबर चारमध्ये, सोळा अंश.
हिरवी केळी क्रेटांत निजलेली,
गॅस उद्या सोडायचा, म्हणून आज आत बसता येतं.

आम्ही चौघं. एक मोबाइल, पाण्याच्या जारला टेकवलेला.
काचेला वरच्या कोपऱ्यात तडा,
त्यामुळे त्या जपानी शहराच्या आभाळाला
पहिल्या भागापासूनच चीर गेलेली.

जग बुडालंय. वर राख.
खाली, भुयारी स्टेशनांत उरलेली माणसं
पिशाचांना रक्त देतात आणि उजेड घेतात.
एक बाटली, चार तास बल्ब.
मधू फेगडे म्हणाला, "स्वस्त आहे.
आपल्याकडं बिल भरूनबी लाइट नाही."

सबटायटलं इंग्रजीत. ती रुबाब तडवी वाचतो,
बारावीला दोनदा इंग्रजीतच गेलेला,
मोठ्यानं, आपल्या बोलीत करून.
त्यामुळे पिशाचांची राणी, पांढरी, हजार वर्षांची,
सिंहासनावरून म्हणते,
"तुले किती डाव सांगितलं,
तहान लागली का मंग नातं राहत नाही."

मधू तिच्यावर खूश. दातांवर नाही.
"येऊ दे म्हना याहिले सावद्याले, वैशाखात.
बारा वाजता स्टँडवर उभा करतो एकेकाले,
राख भराले सुपडं पुरनार नाही."
आम्ही हसलो.
झेलसिंग पावरा दाराशी बसलेला,
अंगावर बारदान, गुडघे पोटाशी.
तोही हसला, आमच्यानंतर जरा.

अकरावा भाग.
पोरगा बाटली घेऊन उजेडाच्या खिडकीशी येतो.
खिडकीत बसलीय त्याची बहीण,
मागच्या हिवाळ्यात हरवलेली, आता त्यांच्यातली.
ती मान वर करत नाही.
बूच काढते, वास घेते,
आणि बोटं थांबतात.
मग बूच लावून बाटली परत सरकवते
आणि वहीत चार तास लिहिते.

"प्यायची होती ना!" मधू ओरडला.
"तीन भागांपासून उपाशी आहे ती, येडी का काय!"
रुबाबनं काहीच वाचलं नाही. तिथं वाचायला काही नव्हतंच.
त्यानं बोटानं मागे नेलं,
पुन्हा बोटं थांबली, पुन्हा चार तास.
मी उठून रजिस्टर भरलं:
दोन वाजता, सोळा अंश.

"तिला कळलं कोणाचं आहे,"
झेलसिंग म्हणाला. शाळेतलं मराठी, जपून.
"मला कधी कळत नाही."
कोणी काही विचारलं नाही, तरी तो बोलला:
"सिकल आहे. जळगावला चढवतात, सिव्हिलमध्ये.
पिशवीवर नंबर असतो. नाव नसतं.
मागच्या वेळी दोन लागल्या.
एक गार होती, खांद्यापर्यंत जाणवली."

मोटर सुरू झाली, थंडीचा नवा झोत आला.
तेव्हा कुठे मला ते बारदान दिसलं,
आठ रात्री समोर असून.
आम्ही ज्या गारव्यासाठी इथं येतो
त्यात त्याची हाडं दुखतात,
आणि तो येतो, गोष्टीसाठी.

मधू तळहातावरचा केळीचा चीक खरडत होता,
काळा पडलेला, वाळलेल्या रक्तासारखा,
तसाच न निघणारा.
"गट कोणता तुझा?"
"ओ."
"माझाबी तोच असंन. शाळेत तपासला होता.
आयकार्ड हरवलं."
आणि लगेच रुबाबवर, "लाव ना पुढचा!
इथं काय मयत झालीय?"

पुढचा लागला नाही. गोल गोल फिरत राहिलं.
बहीण नंतर काय पिते, पोरगा उजेडात काय बघतो,
आम्हाला अजून ठाऊक नाही. रुबाबचा नेट पॅक संपलाय.

सहा-साडेसहाला दार उघडलं.
तव्यासारखं ऊन उंबऱ्याशी येऊन थांबलेलं.
झेलसिंगनं बारदान झटकलं, घडी घातली,
सावलीत उभं राहून
एकच हात बाहेर काढला, उपडा, मग उताणा.
"जळतोय का रे?" रुबाबनं विचारलं.
तो डोळे मिटून होता.
"थांब जरा," म्हणाला.

मग ट्रक लागला. दीडशे क्रेट.